आधी तापमापी, मग पेचकस



शाळेतला एखादा संगणक मंदावला की काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. चारपाच जण भोवती जमतात. एक म्हणतो, व्हायरस शिरला असणार. दुसरा म्हणतो, रॅम कमी पडते. तिसरा, जो बहुधा सर्वांत आत्मविश्वासाने बोलतो, तो म्हणतो, "सर, फॉरमॅट मारून टाका." मग ते मारले जाते. कधी यंत्र सुधारते, कधी सुधारत नाही. पण का सुधारले किंवा का नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. या सगळ्या प्रकारात एक गोष्ट कोणीही केलेली नसते. ती म्हणजे मोजमाप.

ताप आला म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी तापमापी न लावताच तुम्हाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवले, तर तुम्ही तेथून पळ काढाल. संगणकाला पळता येत नाही, एवढाच काय तो फरक.

माझे स्पष्ट मत असे आहे की, बिघडलेला संगणक हे भौतिकीच्या प्रयोगशाळेतले फार चांगले उपकरण आहे, आणि आपण ते एकतर कपाटात टाकतो किंवा दुरुस्तीवाल्याच्या स्वाधीन करून मोकळे होतो. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. एका लॅपटॉपने ते मला शिकवले. आणि शिकवण्यापूर्वी माझी चांगली फजिती केली. ती हकिगत आधी सांगतो.

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकी विभागात ‘वर्कस्टेशन’ जातीचा एक लॅपटॉप आहे. नेहमीच्या लॅपटॉपपेक्षा हा प्राणी वेगळा. सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ गिगाबाइट स्मृती, चित्रांसाठी आणि मोठ्या आकडेमोडीसाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर, वजन सव्वातीन किलो; आणि सोबतचा ॲडॉप्टर म्हणजे तर अक्षरशः वीट. पत्र लिहिणे किंवा चित्रपट पाहणे यासाठी असले धूड कोणी घेत नाही. अवघड गणिते तासन्‌तास न थांबता चालावीत म्हणून ही यंत्रे बनवतात. त्यांतल्या काही यंत्रांत स्मृतीत घडलेली चूक आपोआप दुरुस्त करण्याचीही सोय असते. चूक कशी घडते, तर विश्वकिरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रॉन निर्माण होतात, त्यांपैकी एखादा स्मृतीच्या चिपमध्ये शिरला तर तेथल्या शून्याचा एक होऊ शकतो. ही दुरुस्तीची युक्ती रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाची. १९४७ च्या सुमारास ते बेल प्रयोगशाळेत काम करीत. शनिवार-रविवारी कोणी हजर नसताना यंत्रावर आकडेमोड लावून ते घरी जात. मध्येच चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे, आणि सोमवारी यांच्या हाती काहीच नसे. चूक झाली एवढे जर यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांची संकेतपद्धती जन्माला आली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. वैताग कारणी लावावा तो असा!

असो. आमच्या लॅपटॉपवर दोन विद्यार्थिनी एक प्रकल्प करीत होत्या. धातूच्या पत्र्याचे लक्षावधी चिमुकले चौकोन कल्पून, एका कडेला दिलेली उष्णता त्यात कशी पसरत जाते याचे गणित. जानेवारीत एका गणिताला ४० मिनिटे लागली, अशी नोंद त्यांच्या वहीत होती. मधल्या काळात परीक्षा वगैरे झाल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा काम हाती घेतले, तर तेच गणित पावणेतीन तास चालले! प्रकल्प सादर करायला बारा दिवस उरले होते आणि अशी तीस गणिते व्हायची होती. तीस गुणिले पावणेतीन म्हणजे साडेब्याऐंशी तास. प्रयोगशाळा उघडी असण्याचा वेळ आणि उन्हाळ्यातले भारनियमन लक्षात घेता दिवसाला पाच तास मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे गणित जमत नव्हते. वर्षभराच्या कामावर पाणी पडण्याची वेळ आली होती.

विभागात मतांचा पाऊस पडला. फॉरमॅट करा, हे मत आघाडीवर. यंत्र पाच वर्षांचे झाले आहे, त्याचे निर्लेखन करा आणि नवे मागवा, असेही एका ज्येष्ठांनी सुचवले. मी मात्र स्वतःला भौतिकीचा माणूस समजतो. खानदेशातला मे महिना, प्रयोगशाळेत ४१ अंश तापमान. तेव्हा निदान उघड होते. यंत्र तापते, म्हणून मंदावते. मी पेचकस घेतला, तळाचे झाकण काढले. पंखा आणि त्यापुढच्या बारीक पात्या यांच्या मध्ये धुळीचा चक्क नमदा बसलेला. तो काढला. प्रोसेसरवरची जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. दोन तास गेले. मोठ्या ऐटीत गणित लावले आणि घड्याळ पाहत बसलो.

पावणेतीन तास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार!

तेव्हा त्या दोघींपैकी एकीने विचारले, "सर, उघडण्यापूर्वी तापमान किती होते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मोजलेच नव्हते. वीस वर्षे मुलांना ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ असे सांगत आलेला मी, प्रसंग आल्यावर थेट पेचकसाकडे धावलो होतो. धूळ काढल्याने तापमान उतरले की नाही, हे आता कोणालाही, कधीही सांगता येणार नव्हते. कारण ‘आधी’चा आकडाच नाहीसा झाला होता.

तिने मग काय केले? एक साधा तक्ता आखला. गणित चालू करून दर मिनिटाला दोनच आकडे लिहिले: प्रोसेसरचे तापमान आणि त्याच्या घड्याळाची वारंवारता. वीस मिनिटांनी तक्ता माझ्यासमोर ठेवला. तापमान ५४ अंश सेल्सियसवर स्थिर. वारंवारता ०.८ गिगाहर्ट्‌झ, तीही स्थिर.

येथे थोडे थांबा आणि पुढे वाचण्यापूर्वी स्वतः विचार करा. हे दोन आकडे काय सांगतात?

लॅपटॉपच्या प्रोसेसरला तापण्याची मर्यादा असते. पुष्कळ प्रोसेसरांत ती १०० अंशांच्या आसपास असते. तेथवर पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पण आमचा प्रोसेसर तर ५४ अंशांवर होता! खोलीच ४१ अंशांची, म्हणजे खोलीपेक्षा जेमतेम १३ अंश वर. जो तापलेलाच नाही, तो तापल्यामुळे मंदावेल कसा? उलट तो मंद होता म्हणून थंड होता. कारण आणि परिणाम यांची मी अदलाबदल करून बसलो होतो.

दुसरी गोष्ट गुणोत्तराची. हा प्रोसेसर जानेवारीत सुमारे ३.२ गिगाहर्ट्‌झने चालत असे. ३.२ भागिले ०.८ म्हणजे ४. आणि १६५ मिनिटे भागिले ४० मिनिटे म्हणजे ४ ला थोडे वर. वेळ हा वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात वाढला होता. याचा अर्थ दोष डिस्कमध्ये नव्हता, स्मृतीत नव्हता, व्हायरसमध्येही नव्हता; असता, तर गुणोत्तर इतके चोख जुळले नसते. कोणीतरी प्रोसेसरच्या घड्याळालाच लगाम घातला होता. दोन आकड्यांनी चार संशयितांपैकी तिघांना निर्दोष सोडले. आमच्या सगळ्या चर्चेने एकालाही सोडले नव्हते.

लगाम कोणाचा? प्रोसेसर तापलेला नसेल, तर तो उपाशी असेल. तिने ॲडॉप्टरची पिन काढली आणि यंत्र नुसत्या बॅटरीवर चालवले. वारंवारता दोन गिगाहर्ट्‌झच्या आसपास गेली! भिंतीतली वीज तोडल्यावर जे यंत्र अधिक जोरात धावते, त्याच्या भिंतीकडच्या बाजूलाच पाहायला हवे, हे ओघानेच आले. ॲडॉप्टर उलटा केला. त्यावरचे बारीक अक्षर वाचायला मला चष्मा पुसावा लागला. २० व्होल्ट, ४.५ अँपिअर. म्हणजे ९० वॅट. आणि लॅपटॉपच्या तळाशी लिहिले होते २० व्होल्ट, ८.५ अँपिअर; म्हणजे १७० वॅट.

जानेवारीच्या अखेरीस स्नेहसंमेलनासाठी हा लॅपटॉप आणि कार्यालयातला एक लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवले होते. दोन्ही ॲडॉप्टर काळे, दोन्हींची टोके सारखी. तेथे अदलाबदल झाली, आणि वीट कार्यालयात जाऊन बसली. अशा लॅपटॉपमध्ये, लावलेला ॲडॉप्टर किती वॅटचा आहे हे ओळखण्याची सोय असते. पुरेसा नाही असे दिसले, की ॲडॉप्टरवर झेपणार नाही इतका भार पडू नये म्हणून यंत्र प्रोसेसरला सर्वांत खालच्या वेगावर आणून ठेवते. यंत्र बिघडलेले नव्हतेच. ते शहाणपणाने वागत होते. पडद्यावर तशी सूचनाही एकदा आली होती म्हणे; कोणीतरी न वाचता ती मिटवली होती.

तुम्ही विचाराल, मग तो मोठा ॲडॉप्टर लावून कार्यालयातला लहान लॅपटॉप जळाला कसा नाही? हा गैरसमज फार पसरलेला आहे. ॲडॉप्टर विभवांतर ठरवतो. प्रवाह किती घ्यायचा हे यंत्र ठरवते. विभवांतर तेच असेल आणि जोडणी त्याच प्रकारची असेल, तर १७० वॅटचा ॲडॉप्टर ६५ वॅटच्या यंत्राला सुखाने चालतो. विहीर मोठी असली म्हणून तुमची घागर फुटत नाही. उलट बाजू मात्र खरी नाही, हे आम्ही शिकलोच.

वीट परत आली. गणित ४७ मिनिटांत झाले. आणि गंमत अशी की, आता खऱ्या अर्थाने उष्णतेचा प्रश्न सुरू झाला. कारण तक्त्यात तापमान ९७ अंश दिसू लागले. पहिली काही मिनिटे ३.२ गिगाहर्ट्‌झ, मग हळूहळू घसरण.

या ठिकाणी थोडी भौतिकी सांगितल्यावाचून मला राहवत नाही. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडझाप करताना एका अतिसूक्ष्म धारित्राला प्रभारित आणि अप्रभारित करतो. त्यामुळे खर्च होणारी शक्ती ही धारिता, विभवांतराचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर विभवांतरही थोडे वाढवावे लागते. उदाहरणादाखल आकडे घेऊ: ०.८ गिगाहर्ट्‌झला ०.७ व्होल्ट पुरत असेल आणि ३.२ गिगाहर्ट्‌झला १.१ व्होल्ट लागत असेल, तर वेग झाला चौपट, पण शक्ती झाली जवळजवळ दहापट. ती सगळी शक्ती अखेर उष्णताच होते. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना विभवांतरही त्याच प्रमाणात कमी केले तर दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हा हिशेब पाळला गेला. २००५ च्या सुमारास विभवांतर आणखी उतरवणे जमेना, तेव्हापासून घड्याळाचा वेग पूर्वीसारखा झपाट्याने वाढणे थांबले आणि कारखानदारांनी एका कोअरऐवजी अनेक कोअर देण्यास सुरुवात केली. १९७६ चा क्रे-१ हा महासंगणक सेकंदाला सोळा कोटी क्रिया करी आणि त्यासाठी सुमारे ११५ किलोवॅट वीज खाई. त्याला थंड ठेवायला शीतकपाटातल्यासारखी फ्रेऑनची व्यवस्था होती. आजचा लॅपटॉप त्याच्या किती तरी पुढे गेला आहे. पण उष्णता बाहेर कशी काढायची, ही सेमूर क्रे यांची डोकेदुखी तुमच्या मांडीवरच्या यंत्रात अजून तशीच आहे.

ती बाहेर कशी पडते? चिपच्या पाठीवर तांब्याचा तुकडा टेकलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्याच. मधल्या खळग्यांत हवा राहते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारांश आहे. ते खळगे भरून हवा हाकलण्यासाठी थर्मल पेस्ट. तांब्यापुढे उष्णतानलिका: बंद तांब्याची नळी, आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी आणि आतल्या बाजूने वातीसारखे अस्तर. १९६३ साली लॉस ॲलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती प्रत्यक्षात आणली. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला वाफेचे पाणी होते आणि ते केशाकर्षणाने परत येते. शंभर वॅट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला किती पाणी वाफ व्हावे लागेल? बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता ग्रॅमला सुमारे २२६० ज्यूल धरा. उत्तर ग्रॅमचा विसावा भागसुद्धा येत नाही. दहावीच्या पुस्तकातले हे समीकरण तुम्ही पाठ केले असेल. ते एका बोटाएवढ्या चपट्या नळीत दिवसभर राबत असते, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नसेल.

शेवटी पंखा. शंभर वॅट उष्णता हवेने न्यायची आणि हवा वीस अंशांनीच तापू द्यायची, तर सेकंदाला पाच ग्रॅम, म्हणजे चारसव्वाचार लिटर हवा फिरवावी लागते. दर सेकंदाला चार पाण्याच्या बाटल्या भरतील इतकी हवा! आणि ती आत शिरते तळाच्या जाळीतून, जी आपण गादीवर, उशीवर किंवा टेबलावरच्या रेक्झिनवर दाबून ठेवतो. त्या दोघींनी लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली लाकडाचे दोन तुकडे ठेवले. खर्च शून्य. तापमानाचा कमाल आकडा तोच राहिला, कारण यंत्र मर्यादेला टेकूनच चालत होते. पण त्या मर्यादेत वेग अधिक टिकला आणि वेळ ४४ मिनिटांवर आली. तीस गणिते बावीस तासांत बसली.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो.

आम्ही जर ‘फॉरमॅट’ केले असते तर काय झाले असते? जानेवारीच्या निकालांची प्रत दुसरीकडे नव्हती. ते गेले असते. आणि पुन्हा सगळे बसवून गणित लावल्यावर पावणेतीन तासच लागले असते. मग आम्ही ठामपणे म्हटले असते की, फॉरमॅट करूनही सुधारत नाही, तस्मात यंत्र मेले. कार्यालयाने निर्लेखन केले असते आणि लाखाच्या वर किमतीचे चांगले यंत्र भंगारात गेले असते, एका चुकीच्या पिनेपायी. पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढावी, तसे हे फॉरमॅट करणे आहे. ते कधीच करू नये असे मी म्हणत नाही. पण तो शेवटचा उपाय, आणि प्रत काढून ठेवल्यावरचा.

पंचनामा म्हणजे वही. १९४७ च्या ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्रात एक पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला आणि तेथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली टीप लिहिली. ग्रेस हॉपर ही हकिगत पुढे रंगवून सांगत. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याहून जुनी, एडिसनच्या काळापासूनची आहे. पण मला या गोष्टीत पतंगापेक्षा वही महत्त्वाची वाटते. वेळ लिहिण्याची सवय होती, म्हणून तो पतंग आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाजवळ आहे. आपल्याकडे शाळेच्या संगणककक्षात हजेरीची वही असते, चपला बाहेर काढाव्यात अशी पाटी असते. यंत्रांची वही नसते.

काही शिक्षक म्हणतील, मुलांच्या हाती यंत्र दिले आणि त्यांनी मोडले तर भरपाई कोण करणार? हा आक्षेप खोटा नाही. लेखापरीक्षणाला तोंड शिक्षकांनाच द्यावे लागते. पण आमच्या हकिगतीत यंत्र उघडले कोणी? मी. आणि दोष शोधला कोणी? जिने ते उघडले नाही, तिने. तापमान लिहायला झाकण काढावे लागत नाही. ॲडॉप्टरवरचे अक्षर वाचायला हमी रद्द होत नाही. जे मोडण्याची भीती आहे ते काम मोठ्यांनी हाती ठेवावे. पण मोजण्याचे काम मुलांकडून काढून घेण्याचे काहीच कारण नाही. दोन गोष्टींना मात्र मुलांनी हात लावू नये. एक, ॲडॉप्टरचे आवरण फोडणे. दुसरी, फुगलेली बॅटरी. लॅपटॉपचा तळ टेबलावर नीट बसेनासा झाला किंवा माउसची पट्टी वर उचलली गेली, तर आत लिथियम बॅटरीत वायू साठला असण्याचा संभव असतो. ती दाबू नये, टोचू नये. यंत्र बंद करून शिक्षकांना सांगावे. आणि धातूच्या झाकणाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तीन पिनांच्या प्लगला कोणीतरी दोन पिनांचा जोड लावला आहे का, किंवा भिंतीतले अर्थिंग तुटले आहे का, ते तपासायला सांगावे.

माझी खरी तक्रार आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेविषयी आहे. तेथे प्रत्येक उपकरण चालूच असले पाहिजे, असा आपला आग्रह असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळा-सहायक सगळ्या जोडण्या तपासतात, आणि विद्यार्थी ठरलेले आकडे मिळवतात. न चालणाऱ्या मंडलासमोर उभे राहून ‘कोठे शोधू?’ असे स्वतःला विचारण्याची वेळ त्याच्यावर बारा वर्षांत एकदाही येत नाही. नववी-दहावीला एक प्रात्यक्षिक तरी असे असावे, की शिक्षकांनी मुद्दाम एक दोष ठेवावा आणि गुण दोष सापडल्याचे नव्हे, तर तक्ता कसा आखला आणि एका वेळी एकच बदल केला की नाही, याचे द्यावेत. दोन बदल एकदम केले तर उपयोग कोणाचा झाला हे कळत नाही. मी पेस्ट आणि धूळ या दोन्ही गोष्टी एकदम केल्या होत्या. म्हणजे मला त्या प्रात्यक्षिकात शून्य.

शाळेसाठी असे मोठे यंत्र घ्यायची वेळ आली, तर शिक्षकांना एक सांगणे आहे. प्रोसेसरच्या नावावर जाऊ नका. तोच प्रोसेसर पातळ पेटीत बसवला तर लवकर दमतो आणि जाड, दोन पंख्यांच्या पेटीत बसवला तर टिकून धावतो. म्हणून वॅट विचारा, पंखे विचारा. स्मृती १६ गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती ये-जा करते. डीडीआर-४ च्या ३२०० जातीच्या एका वाटेने सेकंदाला २५.६ गिगाबाइट, दोन वाटांनी ५१.२. वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर असूनही आज्ञावली कित्येकदा साध्या, अंगभूत ग्राफिक्सवरच चालत राहते. मांडणीमध्ये जाऊन तिला योग्य जागी पाठवावे लागते. मोठी बॅटरी मिळेल का, असे विचारत बसू नका. विमानात बरोबर नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास असल्याने बहुतेक बॅटऱ्या त्याच्या आतच असतात, आणि पूर्ण जोरात चालणारे यंत्र ती तासाभरातही संपवते. अशा यंत्राचे खरे घर भिंतीजवळच.

आणि यंत्र आले त्याच दिवशी त्याची पत्रिका मांडा. ग्रहांची नव्हे. आपल्या पायथॉन भाषेत १ ते २० लाखांमधील मूळ संख्या मोजणारी छोटी आज्ञावली लिहा. उत्तर १,४८,९३३ आले पाहिजे. वेगळे आले तर आधी आज्ञावली तपासा. किती सेकंद लागले, ते लिहा. साधी आज्ञावली एकाच कोअरला कामाला लावते, म्हणून यंत्र चांगले तापवायचे तर तीच आज्ञावली पाचसहा खिडक्यांत एकदम चालू करा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात वारंवारता दिसते; प्रोसेसरच्या तापमानासाठी एखादे मोफत साधन शिक्षकांच्या संमतीने घ्यावे लागेल. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा आहे. दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपून आलेख काढा. तो सरळ रेषेत चढत नाही. आधी झपाट्याने, मग मंदावत, शेवटी सपाट. काम बंद केल्यावर उतरताना कसा उतरतो, तेही पाहा आणि न्यूटनच्या शीतलनाच्या नियमाशी जुळते का ते ताडा. पंख्याचा वेग मध्येच बदलतो, तेव्हा आलेखात एक मोड येतो. तो का येतो, हे शिक्षकांना न विचारता सांगता आले पाहिजे. वहीत खोलीचे तापमान लिहायला विसरू नका. चिप किती अंश वर गेली हे खोलीवरून मोजायचे असते.

आमच्या विभागातही आता अशी वही आहे. दोन्ही ॲडॉप्टरवर पांढऱ्या रंगाने वॅटचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, आणि विटेवर ‘भौतिकी’ असेही. त्या दोघींचे गणित प्रकल्प संपल्यानंतरही आम्ही आठवड्यातून एकदा लावतो. मेअखेर खोली ४१ अंश, वेळ ४४ मिनिटे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. त्या दिवशीची नोंद अशी: खोली २९ अंश, वेळ ४१ मिनिटे. आणि समासात, माझ्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात: ‘लाकडी तुकडे तसेच आहेत. दुसरे काहीही बदललेले नाही.’